घाई न करणारे पान

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. आता थकलो आहे. माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीतली माणसे मान वर करून बघतात, इतका तो घरघरतो. माझ्या पाठीवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर 'मंगळवार, भंगार' असे लिहिले आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही. पंधरा वर्षे म्हणजे आमच्यात शंभरी भरल्यासारखेच. पण जाण्याआधी ज्या माणसांसमोर मी उजेड धरून बसलो, त्यांची हकिगत कुणाला तरी सांगावी असे वाटते.

माझे सुटे भाग कुठे घडले ते मला आठवत नाही. मला जाग आली ती स्लोव्हेनियात, द्रावा नदीच्या काठच्या एका लहान शहरात, नगरपालिकेच्या जमीन-नोंदणी कचेरीत. तिथे मी सहा वर्षे काढली. कारकून माझ्या बटणांवर बोटे आपटत आणि मी जरा रेंगाळलो की "मेलं हे डबडं" म्हणत. मग नवे संगणक आले. जे टाकवत नाही आणि ठेववतही नाही, ते माणसे दान करतात. तसा मी 'लीपा' केंद्रात आलो.

लीपा हे मोठ्या माणसांचे केंद्र आहे. कुणाची समज जन्मापासून सावकाश चालते, कुणाची आठवण किंवा शब्द एखाद्या आजाराने हिरावून नेलेले असतात. अशी माणसे सकाळी तिथे येतात, हाताला झेपेल ते काम करतात, एकत्र जेवतात आणि चार वाजता घरी जातात. केंद्र चालवतात गोस्पा बर्नार्दा. आमच्याकडे बाईमाणसाला मानाने हाक मारायची तर 'गोस्पा' म्हणतात आणि पुरुषाला 'गोस्पोद'. बर्नार्दांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले आणि ओल्या फडक्याने माझा चेहरा पुसला. कचेरीत सहा वर्षांत हे कुणी केले नव्हते.

तिथे माझ्यासमोर रोज बसायचा तो लुडविक. अडतीस वर्षांचा, उंच, दारातून येताना उगाचच वाकणारा. तो एका कारखान्यासाठी स्क्रू मोजून पिशव्यांत भरायचा. पिशवीत वीस म्हणजे वीस; त्याच्या हातून एकोणीस कधी गेले नाहीत. त्याला वाचता येत होते, पण सावकाश. माझ्या काचेवर बोट टेकवून तो एकेक शब्द पुढे सरकायचा आणि त्याचे ओठ बोटाबरोबर हलायचे.

त्याच्या शेजारी झोफ्का बसायची. झोफ्का अठ्ठावन्न वर्षांची होती. पूर्वी ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती. तीनशे मुलांचे जेवण तिच्या एका डोळ्याच्या धाकाने वेळेवर व्हायचे. मग मेंदूत रक्ताची गाठ झाली. डोके शाबूत राहिले, पण शब्द हरवले. हवा तो शब्द जिभेपर्यंत यायचा आणि उंबऱ्यावरून परत फिरायचा. त्याऐवजी स्वयंपाकघरातला कुठलातरी शब्द बाहेर पडायचा. माउसला ती लाटणे म्हणायची. दोन दिवसांत सगळे केंद्र लाटणेच म्हणू लागले.

मित्रांनो, त्या दोघांसमोर मी काय काय उघडून दाखवले ते आठवले की आजही अवघडल्यासारखे होते. बसचे वेळापत्रक, दवाखाना, वाचनालय, सगळ्यांच्या वेबसाइट माझ्यातून उघडायच्या. पानावरची चित्रे आपोआप सरकायची. लुडविकचे बोट ओळीच्या मध्यावर पोचेपर्यंत ओळच निघून जायची. मध्येच एखादी चौकट उडी मारून पुढे यायची आणि काहीतरी मान्य आहे का असे विचारायची. काल डावीकडे असलेले बटण आज उजवीकडे असायचे. दर वेळी लुडविक बोट उचलायचा, मांडीवर पुसायचा आणि म्हणायचा, "चुकलो मी."

मला सांगायचे असायचे, की बाबा, तुझे काही चुकलेले नाही. पण आम्हाला तोंड नसते. जे पाठवतील ते दाखवायचे, एवढेच आमच्या हाती.

मग घराची गोष्ट निघाली. स्टेशनामागच्या रेल्वे कामगारांच्या जुन्या इमारतीत नगरपालिकेने चार लहान घरे दुरुस्त केली. लुडविकसारख्या माणसाला तिथे स्वतःच्या किल्लीने राहता येणार होते. आठवड्यातून तीनदा मदतनीस येणार होता, बाकीचा वेळ आपला आपण. लुडविकची आई फानिका तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. ती त्याला न्यायला यायची तेव्हा बर्नार्दांजवळ हळूच बोलायची. "माझे डोळे मिटले की याला डोंगरापलीकडच्या मोठ्या संस्थेत टाकतील हो. एका खोलीत सहा जण. याला तर झोपताना दार लोटलेलं लागतं."

अर्ज फक्त नगरपालिकेच्या वेबसाइटवरच करायचा होता. बर्नार्दा म्हणाल्या, "मी भरून देते."

"नको," लुडविक म्हणाला. "घर माझं. अर्ज माझा."

नऊ दिवस तो माझ्यासमोर बसला. पानावर सदतीस प्रश्न एकाखाली एक होते. पहिलाच प्रश्न होता, 'निवासविषयक गरजेचे स्वरूप विशद करावे.' लुडविकने तो अकरा वेळा वाचला. बर्नार्दांनी समजावले तेव्हा त्याने लिहिले, 'मला दार पाहिजे.' पाचव्या प्रश्नापर्यंत तो पोचला आणि पान पांढरे झाले. पंधरा मिनिटांत नवे उत्तर आले नाही, की सगळे पुसले जायचे. वर लाल अक्षरे आली, 'आपले सत्र संपले आहे.'

"सत्र म्हणजे?" त्याने विचारले. "शाळेचं?"

"करपलं," झोफ्का म्हणाली.

पुढे आमच्याकडे पान पुसले गेले की 'करपले' असेच म्हणू लागले. त्या नऊ दिवसांत ते चौदा वेळा करपले. शेवटच्या दिवशी बर्नार्दा शेजारी बसून प्रश्न सोपे करून सांगत होत्या आणि तो टंकत होता. सदतिसावा प्रश्न संपला तेव्हा त्यांचा फोन वाजला आणि त्या उठून बाहेर गेल्या. खाली दोन बटणे होती. दोन्ही करडी, दोन्ही सारख्या मापाची, एकमेकांना चिकटलेली. एकावर लिहिले होते 'अर्ज सादर', दुसऱ्यावर 'अर्ज मागे'. घड्याळ धावत होते. लुडविकने घाईने बोट ठेवले, 'अर्ज' एवढे वाचले आणि लाटणे दाबले.

पडद्यावर आले, 'आपला अर्ज मागे घेण्यात आला आहे. धन्यवाद.'

त्याला 'धन्यवाद' तेवढे झटकन वाचता आले. तो उभा राहिला आणि खोलीतल्या प्रत्येकाशी हात मिळवत फिरला. दुसऱ्या दिवशी आईने केलेल्या श्त्रुक्ली, म्हणजे चीज भरलेल्या गुंडाळ्या, घेऊन आला आणि सगळ्यांना वाटल्या. तीन आठवड्यांनी चार घरांची यादी लागली. त्यात त्याचे नाव नव्हते. बर्नार्दांनी फोन केला तेव्हा कळले, की त्याने अर्ज केलेलाच नव्हता.

लुडविक बराच वेळ माझ्यासमोर बसून राहिला. मला कुणी सुरूही केले नव्हते. काळ्या काचेत त्याचा चेहरा दिसत होता. मग तो नेहमीचे म्हणाला, "चुकलो मी."

झोफ्का उठली. शब्द शोधताना तिच्या मानेची शीर ताठ व्हायची, तशी झाली. "नाही," ती म्हणाली. "सूप... सूप खारट झालं, तर चूक कुणाची? खाणाऱ्याची?"



"बोलवा," ती बर्नार्दांना म्हणाली. "स्वयंपाक्याला बोलवा."

बर्नार्दांनी तीन पत्रे पाठवली. फेब्रुवारीत नगरपालिकेतून गोस्पोद होयनिक आले. वेबसाइटचे काम त्यांच्याकडे होते. बुटांवर बर्फ, हातात बिस्किटांचा डबा, आणि बोलणे आधीच ठरवून आणलेले. नियम सगळ्यांना सारखे असतात, घरे दिली गेली आहेत, आता इलाज नाही, असे ते उभ्याउभ्याच सांगू लागले. झोफ्काने त्यांच्या हाताला धरून त्यांना माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवले आणि माझ्या डोक्यावर अंडी उकडायचे घड्याळ ठेवले.

"भरा," ती म्हणाली.

"काय भरू?"

"तुमचंच पान," बर्नार्दा म्हणाल्या. "घर पाहिजे असं समजा आणि भरा."

होयनिक हसले आणि भरू लागले. पहिल्या प्रश्नावर त्यांनी चष्मा काढून पुसला. चौथ्या प्रश्नाला ओळखपत्राचा तेरा आकडी क्रमांक हवा होता. पाकीट कोटात, कोट बाहेर. ते घेऊन आले तोवर त्यांचा फोन वाजला. ते बायकोशी बोलत होते, "हो, येताना आणतो पाव," आणि पान पांढरे झाले. माझ्या डोक्यावरचे घड्याळ तेवढे टिकटिकत राहिले.

"थांबा थांबा," होयनिक म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "माझंच काहीतरी चुकलं असणार."

लुडविक इतका वेळ मागे उभा होता. तो पुढे आला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझंही असंच होतं. परत करा. आम्ही थांबतो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. लुडविकला टोमणा मारता येत नाही. त्याला खरेच वाटत होते, की त्या माणसाला धीर द्यायला हवा.

होयनिक पुन्हा भरू लागले. सातव्या प्रश्नाशी थांबले, दोनदा वाचला आणि हात मांडीवर ठेवले. "हा प्रश्न लिहिला कुणी?"

"तुमच्याच चुलीवर शिजलाय," झोफ्का म्हणाली. त्या दिवशी तिला सगळे शब्द सापडत होते.

मित्रांनो, तो माणूस वाईट नव्हता. त्याने कधी ते पान कुणाच्या शेजारी बसून पाहिलेच नव्हते. जाताना त्याने लुडविकला स्पष्ट सांगितले, "दिलेली घरं मी परत घेऊ शकत नाही. खोटी आशा लावत नाही तुला. पान मात्र बदलता येईल."

मार्चमध्ये तिन्कारा आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, पाठीवर पिशवी, नखांना हिरवा रंग. वेबसाइट नव्याने बांधायचे काम तिला मिळाले होते. पहिल्या गुरुवारी तिने मोठ्या हौसेने आपले काम माझ्यावर उघडले. पानाच्या मागे द्रावा नदी वाहत होती. खरीच वाहत होती. पाणी चमकायचे, ढग सरकायचे, अक्षरे त्या पाण्यावर तरंगत यायची. मलाही ते पेलताना धाप लागली.

लुडविकने टेबलाची कड घट्ट धरली. "नदी थांबव," तो म्हणाला. "मळमळतंय."

तिन्काराने ती थांबवली. चेहरा उतरला होता. "पण सुंदर आहे ना?"

"सुंदर आहे," झोफ्का म्हणाली. "भिंतीवर लाव."

पुढच्या गुरुवारी तिने नदी काढली आणि सोपे वाटावे म्हणून प्रत्येक प्रश्नाजवळ हसरे अस्वल काढून आणले. झोफ्का त्या अस्वलांकडे इतका वेळ बघत राहिली, की तिन्कारा चुळबुळ करू लागली. "मी तीनशे पोरांना जेवायला घातलंय," झोफ्का शेवटी म्हणाली. "पोर नाही मी." अस्वले गेली.

सगळ्यात अवघड तिला गेले ते गप्प बसणे. लुडविक अडला की ती लगेच बोट दाखवायची, "तिथे, वर, उजवीकडे." बर्नार्दांनी तिला बाजूला घेतले. "तू दाखवलंस तर पान चांगलं आहे की तू चांगली आहेस, हे कळणार कसं? त्याच्या घरी तू असणार आहेस का?" त्यानंतर ती स्वतःचे दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसायची. लुडविकचे ओठ हलताना थांबले, की फक्त त्या जागी वहीत खूण करायची. जिथे ओठ थांबले तो शब्द दुसऱ्या आठवड्यात बदललेला असायचा. 'निवासविषयक गरज' हे शब्द तिने नऊ वेळा बदलले. शेवटी उरले ते एवढेच, 'तुम्हाला हे घर का हवे आहे?'

अकरा महिने चालले ते. कधी ती रडवेली व्हायची, कधी लुडविक कंटाळून स्क्रूंकडे निघून जायचा, कधी झोफ्काला दिवसभर एकही शब्द सापडायचा नाही आणि ती नुसती माझ्या काचेवर बोटाने टकटक करायची. होयनिक मधूनमधून येऊन कुरकुरायचे. "एका पानाची बावीस पानं केलीस तू. लोक कंटाळतील."

"तुम्ही भरून बघा," तिन्कारा म्हणायची. ते बसायचे आणि सहा मिनिटांत सगळे भरून उठायचे. मग कुरकुर थांबली.

सदतीसपैकी बावीसच प्रश्न उरले, एका पानावर एकच. पान लिहिलेले काही विसरत नसे. आज अर्धे भरून आठवड्याने आलात तरी तिथूनच सुरू. वेळेची अट काढून टाकली होती. शेवटच्या बटणावर पूर्ण वाक्य होते, 'हो, माझा अर्ज पाठवा', आणि 'मला अर्ज करायचा नाही' हे दुसरे बटण त्याच्यापासून लांब, खाली. ते दाबले तर पान पुन्हा विचारायचे, 'नक्की ना?' कोपऱ्यात कायम एकाच जागी एक फोन नंबर होता आणि तो उचलणाऱ्या बाईचे नाव. नाव असावे हा हट्ट झोफ्काचा. "नंबरला," ती म्हणाली, "तोंड पाहिजे."

त्या दिवसांत माझी कळा बदलली होती, मित्रांनो. पंखा तेव्हाही वाजायचा, पण मी जे दाखवत होतो त्याची मला लाज वाटत नव्हती.

पान सुरू झाले आणि एक नवल घडले. ते आवडले सगळ्यांनाच. डोंगरातल्या शेतकऱ्यांना आवडले, कडेवर मूल घेऊन एका हाताने अर्ज भरणाऱ्या बायकांना आवडले, चष्मा विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना आवडले. नगरपालिकेच्या खिडकीपुढची रांग निम्मी झाली. वर्तमानपत्राचा माणूस आला. त्याच्यासाठी मला चकचकीत पुसले आणि लुडविकला माझ्याजवळ उभे केले. राजधानीत, ल्युब्लियानाला, मानपत्र मिळाले. लुडविक उसना टाय लावून गेला. तिथे त्याच्या हातात माइक दिला तेव्हा तो म्हणाला, "मी सावकाश वाचतो. पान थांबलं." आणि खाली उतरला. बर्नार्दांनी परतल्यावर ते दहा जणांना तरी सांगितले, प्रत्येक वेळी डोळे पुसत.

दीड वर्षाने त्या चारांपैकी एक घर रिकामे झाले. लुडविकने दोन दुपारी बसून अर्ज भरला. पहिल्या दुपारी अकराव्या प्रश्नावर थांबून तो घरी गेला, दुसऱ्या दिवशी आला, पानाने अकरावा प्रश्नच पुढे केला. शेवटचे बटण दाबल्यावर जे उमटले, ते त्याने तीनदा वाचले, मग झोफ्काकडून वाचून घेतले. या वेळी श्त्रुक्ली यादी लागल्यावरच आल्या. घर मिळाले होते. फानिकाने त्याला निळे पडदे शिवून दिले आणि ती रविवारी त्याच्याकडे पाहुणी म्हणून जाऊ लागली. "आधी फोन करून ये म्हणतो मला," ती बर्नार्दांना सांगायची. तक्रार केल्यासारखी, पण खूश.

गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरे वाटले असते. पण चांगले केलेले काम राखावे लागते, हे माणसे विसरतात. निवडणूक झाली, नगरपालिकेत नवी माणसे आली. वेबसाइट फार साधी दिसते, शहराला शोभत नाही, असे त्यांना वाटले. होयनिकना खिडकीमागच्या खोलीत बसवले. तिन्कारा कामासाठी ऑस्ट्रियात, ग्राट्सला गेली होती. त्याच हिवाळ्यात झोफ्का गेली. पुन्हा गाठ झाली आणि तीन दिवसांत सगळे संपले. तिची खुर्ची कुणी हलवली नाही, पण तिच्यावर हळूहळू लोकरीच्या गुंड्या साठत गेल्या. गुरुवार बंद पडले. केंद्राला पातळ, हलक्या पाट्यांसारखी नवी यंत्रे मिळाली. मला काढून टाकायचे ठरत होते, पण लुडविक म्हणाला, "माझ्या बोटाला याची सवय आहे." म्हणून मी कोपऱ्यात राहिलो.

नवी वेबसाइट कधी आली ते आम्हाला कुणी सांगितले नाही. विचारले तर नाहीच.

मग लुडविकला पत्र आले. दर तीन वर्षांनी भाडेकरूने आपण अजून तिथेच राहतो हे वेबसाइटवर कळवायचे असते. त्याला भीती नव्हती. तो माझ्यासमोर बसला, मी धापा टाकत पान उघडले. ते त्याचे पान नव्हते. हलणारी चित्रे परत आली होती, कोपऱ्यातला नंबर गेला होता. तरीही तो बोट लावून वाचत, दोन तासांनी शेवटापर्यंत पोचला. तिथे नऊ चौकोनांत रस्त्याची चित्रे आली. 'वाहतुकीचे दिवे असलेले सगळे चौकोन निवडा.'

त्याने दिवे निवडले. मग खांब असलेले चौकोनही निवडले. "खांब नसेल तर दिवा पडेल," तो स्वतःशीच म्हणाला. मला ते बरोबर वाटले. पानाला वाटले नाही. नवी चित्रे आली, सायकलींची. एका चौकोनात चाकाची नुसती कड होती. तो विचार करत राहिला आणि वेळ संपली. मग पूल. मग पुन्हा दिवे. सहाव्या खेपेला चित्रे गेली आणि माझ्या चेहऱ्यावर एक ओळ उमटली.

त्याने बोट ठेवले. 'आपण... माणूस... असल्याची... खात्री... होऊ... शकली... नाही.'

तो परत सुरुवातीला गेला आणि परत वाचले. मग हाक मारली, "गोस्पा बर्नार्दा, हे काय लिहिलंय बघा."

त्या आल्या आणि वाचले. "मशीनचं बोलणं आहे ते, लुडविक. मनावर घेऊ नकोस."

"मशीन तर हे आहे," तो म्हणाला आणि तळवा माझ्या डोक्यावर ठेवला. "हे असं बोलत नाही."

पण बोललो मीच होतो ना. ती अक्षरे माझ्याच उजेडात उभी होती. इतक्या वर्षांत इतके थकल्यासारखे मला कधी झाले नव्हते.

लुडविकने ते पान छापून घेतले, चार घड्या घालून खिशात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच बसने नगरपालिकेत गेला. दुपारी परत आला तेव्हा सगळे जेवून उठत होते. त्याच्यासाठी झाकून ठेवलेली बकव्हीटची खीर बर्नार्दांनी पुढे सरकवली. "काय झालं ते सांग आधी."

"रांग होती. थांबलो. खिडकीतली बाई म्हणाली, हे इथे होत नाही, घरी बसून वेबसाइटवर करा. मी कागद दिला. म्हटलं, वेबसाइटला माझी खात्री होत नाही. तुम्ही बघून घ्या."

"मग?"

"ती नुसती कागदाकडे बघत होती. मी म्हटलं, कागदाकडे नका बघू, माझ्याकडे बघा. मी माणूस आहे. आता सही घ्या."



"रांगेतले सगळे माझ्याकडे बघू लागले," लुडविक म्हणाला. "मग मागून होयनिक आले. म्हातारे झालेत. मला आत नेलं, कागदावर सही घेतली, कॉफी दिली. विचारलं, अजून काय काय अडलं? मी म्हटलं, वही आणा. पुष्कळ आहे."

"आणली?"

"आणली. चार पानं भरली." मग त्याने खीर ओढून घेतली. "गार झालीय ही."

या गोष्टीला आता एक वर्ष होत आले. चित्रांचे ते कोडे काढून टाकायला नगरपालिकेला सात महिने लागले. बाकीचे पुष्कळ अजून तसेच आहे. होयनिक निवृत्त झाले, पण जाण्यापूर्वी त्यांनी ती चार पाने नव्या माणसांच्या टेबलावर ठेवली आणि महिन्यातून एक सकाळ लीपातल्या माणसांना तिथे बोलवायचे पक्के करून घेतले. पूर्वी दर आठवड्याला होते ते आता महिन्याला एकदा. लुडविक जातो. नवी मुले कशी आहेत असे बर्नार्दांनी विचारले तर म्हणाला, "फार बोलतात. शिकतील." तिथे त्यांची स्वतःची यंत्रे आहेत. माझ्यात ती नवी पाने आता उघडतही नाहीत. म्हणून ही पिवळी चिठ्ठी, आणि ती योग्यच आहे.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण उद्या अशी पाने बनवतील. घराची, दवाखान्याची, बसची, शाळेची. ती बनवताना एक खुर्ची जास्तीची ठेवा. जो सावकाश वाचतो, ज्याचे शब्द हरवतात, ज्याचे लक्ष उडून जाते, त्याला तिच्यावर बसवा. माउस त्याच्या हातात द्या आणि आपले हात मांडीखाली दाबून गप्प बसा. तो अडला तर त्याला नका सुधारू, पान सुधारा. आणि ते एकदा सुधारले म्हणून सोडून देऊ नका. तुमच्यानंतर येणाऱ्यांनाही ती खुर्ची का ठेवली आहे ते सांगून ठेवा. कुठल्याही माणसाला, आपण माणूस आहोत हे सांगायला, खिशात कागदाची घडी घेऊन सकाळची बस पकडावी लागू नये.